वळवाची वीज आणि लहान होडी

चैत्र सरत आला, कीं देशावरील आकाशाची रीत बदलते. सकाळीं निरभ्र असलेलें आकाश दोन प्रहरीं पांढऱ्या ढगांच्या ढिगांनीं भरूं लागतें, वारा पडतो, अंगाची काहिली होते, आणि तिसऱ्या प्रहरीं क्षितिजापलीकडून गडगडाट ऐकूं येतो. हा वळीव शेतकऱ्यास हवाही असतो आणि नकोही असतो. नांगरटीस ओल मिळते म्हणून हवा. खळ्यावरचें धान्य, झाडावरचा आंबा आणि वाळत घातलेला कांदा नासतो म्हणून नको. त्याच्या विजेनें दरसाल माणसें व जनावरें दगावतात, हेंही शेतकऱ्यास ठाऊक आहे. झाडाखालीं उभें राहूं नये, उघड्या माळावर थांबूं नये, इतकें तरी बहुतेकांच्या कानांवरून गेलेलें असतें.

परंतु शेतकऱ्याचा संबंध आतां केवळ शेताशीं राहिलेला नाहीं. भीमा, कृष्णा, गोदावरी, कोयना या नद्यांवर धरणें बांधलीं गेलीं, आणि जेथें पूर्वीं नदीचा चिंचोळा प्रवाह होता तेथें दूरवर पाणी पसरलें. ज्यांच्या जमिनी या पाण्याला लागून आहेत, त्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज लहानशी होडी असते. कोणी ती मासेमारी करणाऱ्यास वाट्यानें देतो, कोणाचीं मुलें स्वतःच संध्याकाळीं जाळें टाकण्यास जातात, कोणी पलीकडच्या कांठावरील वावरांत जाण्यायेण्यासाठीं ती वापरतो. विजेविषयीं जे चार नियम आपण शेतासाठीं शिकलों, ते या होडींत फारसे कामास येत नाहींत. पाण्यावर घर नाहीं, खळगा नाहीं, आणि धांवत सुटण्यास वाटही नाहीं. म्हणून या लेखांत आम्ही मुख्यतः एकच गोष्ट वाचकांपुढें मांडणार आहों. लहान होडींत विजेपासून सुरक्षित असें बसण्याचें ठिकाण नाहीं. सुरक्षितपणा जो कांहीं आहे तो कांठावर आहे, आणि तो वेळेवर गांठण्याचा हिशोब होडी सोडण्यापूर्वींच करावयाचा असतो.

ही भीति काल्पनिक नाहीं

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत देशांतील अपघाती मृत्यूंची मोजदाद होते. त्याप्रमाणें २०२० सालीं वीज पडून २,८६२ माणसें मेलीं, २०२१ सालीं २,८८०, आणि २०२२ सालीं २,८८७. त्या शेवटच्या वर्षीं निसर्गाच्या कोपानें जितकीं माणसें गेलीं, त्यांपैकीं एक तृतीयांशाहून अधिक एकट्या विजेनें गेलीं. पूर, थंडी, ऊष्मा यांतील कोणत्याही एका कारणापेक्षां ही संख्या मोठी आहे. विजेचा बळी बहुधा खेड्यांतला असतो, कारण दुपारनंतर उघड्यावर काम करणारा तोच असतो.

पाण्यावरील मनुष्य या बाबतींत किती उघडा पडतो, हें परदेशांतील एका मोजणीवरून कळतें. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेनें २००६ ते २०१९ या चौदा वर्षांत विजेनें मेलेल्या ४१८ लोकांची माहिती जमविली, आणि मृत्युसमयीं प्रत्येकजण काय करीत होता हें पाहिलें. गोल्फ खेळणाऱ्यांस विजेचें भय सर्वांत अधिक, असा तिकडे जुना समज होता. परंतु गोल्फ खेळतांना मेलेले निघाले १०, आणि मासे धरतांना मेलेले निघाले ४०. कोणत्याही एका उद्योगांत याहून अधिक माणसें गेलीं नव्हतीं. याचें कारण उघड आहे. मासे धरणारा पाण्याजवळ किंवा पाण्यावर असतो, हातांत लांब काठी धरतो, आसऱ्यापासून दूर असतो, आणि मासा लागूं लागला म्हणजे त्याचा पाय निघत नाहीं.

विजेच्या जोडीला वारा असतो, आणि लहान होडीस वारा हा विजेइतकाच मोठा शत्रु आहे. सोलापूर व पुणें जिल्ह्यांच्या हद्दीवर उजनी धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. २१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं करमाळा तालुक्यांतील कुगांवहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे निघालेली एक प्रवासी होडी, एकाएकीं सुटलेल्या वादळी वाऱ्यानें या जलाशयांत उलटली. सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेंही होतीं. एकजण पोहून कांठाला लागला. होडी मासेमारीची नव्हती आणि घात विजेनें केला नव्हता. परंतु महिना, प्रहर आणि वाऱ्याचा प्रकार हीं सर्व वळवाचींच होतीं. त्या दिवशीं जें प्रवाशांवर ओढवलें, तेंच त्या पाण्यावर जाळें टाकणाऱ्या कोणावरही कोणत्याही वैशाखांत ओढवूं शकतें.

ढगांत काय घडतें

दुपारच्या उन्हानें जमीन तापली, कीं तिच्यालगतची दमट हवा हलकी होऊन वर चढते. वर ती थंड होते, तिच्यांतील वाफेचे थेंब बनतात, आणि ढग कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत जातो. जोर पुरेसा असला तर तो दहाबारा किलोमीटरांहूनही उंच जातो आणि तेथें त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो. ढगाच्या पोटांत वर चढणारे बर्फाचे कण आणि खालीं येणाऱ्या बारीक गारा एकमेकांवर घांसतात. त्यामुळें ढगाच्या वरच्या भागांत धन आणि खालच्या भागांत ऋण विद्युत् सांठते. हा सांठा हवेला आवरेनासा झाला, म्हणजे ढगांतल्या ढगांत किंवा ढगांतून जमिनीकडे वीज कडाडते. तिच्या वाटेंतील हवा क्षणार्धांत सुमारें तीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते व स्फोटासारखी फांकते. तोच गडगडाट होय. घरांतील पंख्यास एक अँपियरहूनही कमी प्रवाह पुरतो. विजेच्या एका लोळांत सामान्यतः तीस हजार अँपियर प्रवाह असतो.

याच ढगांतून पावसाबरोबर थंड व जड हवा वेगानें खालीं कोसळते आणि जमिनीला आपटून चोहोंकडे पसरते. पावसाच्या कांहीं मिनिटें आधीं अंगाला जी गार झुळूक लागते, ती या हवेची आघाडी असते. शेतांत आपण तिला सुखाची झुळूक म्हणतों. होडींत ती शेवटची सूचना होय. तिच्यामागोमाग येणारा झोत ताशीं साठ किलोमीटरांवरही जाऊं शकतो. जलाशयावरील लाटा समुद्राइतक्या उंच नसतात, पण आंखूड, उभ्या आणि एकीमागून एक अशा येतात. कमी उंचीच्या होडींत त्या बाजूनें शिरल्या, कीं ती पाहतां पाहतां पाण्यानें भरते.

आतां पाण्यावर वीज कोणास गांठते, तें पाहूं. वीज लोखंडाचा शोध घेत फिरत नाहीं. जमिनीजवळ आल्यावर ती जवळची उंच वस्तु गांठते. अफाट सपाट पाण्यावर उंच वस्तु दुसरी कोणतीच नसते. होडी, होडींतला मनुष्य आणि त्याच्या हातांतील काठी, एवढ्याच काय त्या असतात. वीज प्रत्यक्ष अंगावर न पडतां शेजारच्या पाण्यावर पडली तरी धोका टळत नाहीं. पाण्यावर पडलेल्या विजेचा प्रवाह बराचसा पृष्ठभागावरूनच फांकतो. म्हणून पाण्यांत हात किंवा पाय सोडून बसलेला, पोहणारा, अथवा ओलें जाळें ओढणारा मनुष्य त्याच्या तडाख्यांत सांपडतो.

मोठ्या जहाजांवर याचा बंदोबस्त फार पूर्वींच झाला. विल्यम स्नो हॅरिस नांवाच्या इंग्रज शोधकानें डोलकाठीच्या टोंकापासून जहाजाच्या तळापर्यंत तांब्याच्या पट्ट्या नेऊन विजेस पाण्यांत उतरण्याची वाट करून दिली. १८३१ सालीं निघालेल्या ‘बीगल’ या प्रसिद्ध जहाजास अशा पट्ट्या बसविलेल्या होत्या. परंतु उंच डोलकाठी आणि तिच्याखालीं आसऱ्यास पुरेशी जागा असेल तेथेंच या युक्तीचा उपयोग. बारापंधरा फुटांच्या उघड्या लांकडी किंवा फायबरच्या होडीस असा कोणताही आडोसा करतां येत नाहीं.

तीस सेकंदांचा हिशोब

वीज दिसते तत्क्षणीं, पण आवाजास एक किलोमीटर येण्यास सुमारें तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सावकाश एक, दोन, तीन असे अंक मोजावे, आणि आलेल्या संख्येस तिनानें भागावें. वीज किती किलोमीटरांवर पडली, तें कळतें. तीस अंक झाले तर दहा किलोमीटर.

दहा किलोमीटर म्हणजे पुष्कळ दूर, असें कोणासही वाटेल. पण हिशोब पुढें चालवून पाहावा. वादळी ढग ताशीं तीस किलोमीटर वेगानें आपल्याकडे येत असेल, तर तें अंतर तो वीस मिनिटांत तोडतो. वल्ह्यांची होडी शांत पाण्यावर ताशीं चार किलोमीटर जाते असें धरूं. वीस मिनिटांत ती सव्वा किलोमीटराच्या किंचित् पुढें जाईल. त्यांतून पसरलेलें जाळें ओढून घेण्यास दहा मिनिटें गेलीं, तर उरलेल्या दहा मिनिटांत ती सहा-साडेसहाशें मीटर जाईल. समोरून वारा सुटला, तर त्याच्या निम्मेंही जाणार नाहीं. शिवाय विजेचा लोळ पावसाच्या धारेची वाट पाहत नाहीं; ढगाच्या मुख्य भागापासून दहा किलोमीटर दूर, डोक्यावर निळें आभाळ असतांनाही तो पडतो. म्हणूनच जाणत्यांचा नियम असा आहे, कीं तीस अंकांच्या आंत गडगडाट ऐकूं आला तर त्या वेळीं मनुष्य आसऱ्याला पोहोंचलेला असला पाहिजे.

यांतून निघणारा निष्कर्ष शेतकऱ्यानें मनाशीं पक्का बांधावा. गडगडाट ही होडी वळविण्याची खूण नव्हे. ती वळविण्यास उशीर झाल्याची खूण होय. होडी वळविण्याची खूण ढग हाच होय. पांढऱ्या ढिगाचा वळिवाचा ढग होण्यास एक तासही लागत नाहीं, कधीं अर्धा तास पुरतो. तेव्हां ढग उंच चढत आहे, त्याचें पोट काळवंडत आहे, माथा पसरत आहे, असें दिसतांच जाळें आवरून निघावें. ढग वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस आहे, सबब तो इकडे येणार नाहीं, असें कोणी समजूं नये. ढग खालची हवा आपल्याकडे ओढीत असतो, म्हणून तो कित्येकदां वाऱ्याविरुद्ध चढून आलेला दिसतो.

होडी सोडण्यापूर्वीं

समुद्रकांठच्या कोळी बांधवांची रीत येथें लक्षांत घेण्यासारखी आहे. पावसाळा तोंडावर आला, कीं ते नावा ओढून वर काढतात आणि नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा केल्याशिवाय पुन्हां लोटीत नाहींत. समुद्राविषयींचा धाक त्यांच्या सणांतच गोंवलेला आहे. धरणाचें पाणी मात्र आपल्या डोळ्यांदेखत आलें. त्याच्या तळाशीं आपलींच जुनीं शेतें आहेत. त्यामुळें आपणांस त्याचा धाक वाटत नाहीं, आणि त्याविषयीं कोणती रूढीही बनली नाहीं. ही उणीव आपण नियमांनीं भरून काढली पाहिजे.

पहिला नियम वेळेचा. चैत्रापासून मृग लागेपर्यंत, आणि पुढें हस्त, चित्रा, स्वाती या परतीच्या पावसाच्या नक्षत्रांत, विजेचा खेळ बहुधा दुपारनंतर व सायंकाळीं चालतो. या दिवसांत पाण्यावरचें काम पहांटे सुरू करून दोन प्रहरांच्या आंत उरकावें.

दुसरा नियम अंतराचा. आभाळ तयार होत असेल अशा दिवशीं, दहा मिनिटांत वल्हवून परत येतां येईल यापेक्षां अधिक दूर कांठ सोडूं नये. होडीस यंत्र असलें तरी हें अंतर वल्ह्यांच्याच मापानें धरावें. कारण यंत्र नेमकें घाईच्या वेळीं बंद पडलें, तर हातांत वल्हींच राहतात.

तिसरा नियम खबरीचा. भारतीय हवामानशास्त्र विभाग जिल्हावार इशारे देतो. पिवळा, नारिंगी व लाल हे त्याचे चढत्या धोक्याचे रंग आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनें ‘दामिनी’ नांवाची सोय मोबाइलवर करून दिली असून, आसपास वीज पडत असल्याची सूचना तींत मिळते. निघतांना ती अवश्य पाहावी. पण कांठापासून दूर मोबाइलला संदेश पोहोंचेलच असें नाहीं. सबब यंत्रावर विसंबून आभाळाकडे पाहण्याचें सोडूं नये.

चौथा नियम सामानाचा. प्रत्येक माणसागणिक एक जीवरक्षक जाकीट होडींत असावें, आणि तें फळीखालीं नव्हे, अंगावर असावें. आपले वाडवडील सुक्या भोपळ्यांची सांगड कमरेस बांधून नदी उतरत; तेव्हां तरंगण्याचें साधन अंगाला बांधण्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. त्याशिवाय पाणी उपसण्यास डबा, नांगर व त्याची पुरेशी लांब दोरी, आणि एक जादा वल्हें, हीं नेहमीं बरोबर असावींत. आपण कोणत्या दिशेस जात आहों व केव्हां परतणार, हें घरीं सांगून निघावें.

पाण्यावर सांपडल्यास

इतकें करूनही एखादे वेळीं वळीव गांठतोच. अशा वेळीं पहिली गोष्ट ही, कीं आपला कांठ नव्हे तर जवळचा कांठ धरावा. पुष्कळ माणसें आपल्या घराच्या कांठाकडे जाण्याच्या ओढीनें वादळांतून पाणी कापीत येतात. पलीकडच्या तीरावर उतरून रात्र तेथें काढावी लागली तरी तिचें मोल एका गैरसोयीपलीकडे नाहीं. जाळें ओढतां आलें तर ओढावें; वेळ नसेल तर खुणेचा डबा बांधून तसेंच सोडावें. जाळें उद्यां मिळेल, आणि न मिळालें तरी दुसरें विणतां येईल.

कांठ गांठेपर्यंत गळाची दांडी आडवी ठेवावी. हल्लीं ज्या कार्बनच्या तंतूंच्या काळ्या दांड्या मिळतात त्यांतून वीज उत्तम वाहते. त्या उभ्या धरणें म्हणजे विजेस हात दाखविण्यासारखें आहे. ओला वेळूही निर्धोक नव्हे. शिडाची काठी काढतां येण्याजोगी असेल तर ती उतरून ठेवावी. गळाची दोरी पाण्यांतून वर घ्यावी, हातपाय होडीबाहेर सोडूं नयेत. कोणीही उभें राहूं नये. वल्हविणाऱ्याखेरीज बाकीच्यांनीं होडीच्या मधल्या भागांत तळाशीं, एकमेकांस न खेटतां, खालीं वांकून बसावें. लोखंडी सांखळी, यंत्र, पत्र्याचा डबा यांपासून अंग दूर ठेवावें. यानें धोका कांहींसा कमी होतो. नाहींसा होत नाहीं, हें विसरूं नये.

वाऱ्याचा झोत आल्यास होडीची नाळ वाऱ्याच्या तोंडीं, किंचित् तिरकी धरावी. होडी आडवी पडूं देऊं नये. पुढें जाणें अशक्य झालें, तर नांगर नाळेकडून टाकावा. मागच्या बाजूनें टाकलेल्या नांगरानें होडीची पाठ दाबली जाते व लाट आंत शिरते. एकानें सारखें पाणी उपसत राहावें. इतकेंही करून होडी उलटलीच, तर तिला धरून राहावें. लांकडी किंवा फायबरची होडी उलटी झाली तरी बहुधा तरंगते. कांठ जवळ दिसतो म्हणून पोहत निघालेला पट्टीचा पोहणाराही लाटांत दमतो, आणि होडीला धरून राहिलेला नवशिका वांचतो.

कांठावर आल्यानंतर

होडी कांठाला लागली म्हणजे संकट संपलें, असें मानून पाण्याच्या कडेलाच किंवा जवळच्या एकट्या बाभळीखालीं थांबणें चुकीचें आहे. झाडावर वीज पडली म्हणजे तिचा कांहीं भाग झाडावरून उडी घेऊन शेजारच्या माणसास लागतो, आणि बाकीचा मुळांवाटे जमिनींत पसरतो. जमिनींत पसरलेल्या विजेचा तडाखा जनावरांस अधिक बसतो, कारण त्यांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर मोठें असतें. २०१६ सालीं नॉर्वे देशांतील हार्डांगरव्हिडा पठारावर एका वादळांत रानटी रेनडियर जातीचीं ३२३ जनावरें एकाच ठिकाणीं मरून पडलेलीं आढळलीं. आपल्याकडेही एका झाडाखालीं बांधलेलीं दोनचार गुरें एकदम दगावतात, त्याचें कारण हेंच.

म्हणून पक्क्या घरांत, किंवा सर्व बाजूंनीं बंद असलेल्या पत्र्याच्या टपाच्या मोटारींत जावें. मोटार रबराच्या चाकांमुळें नव्हे, तर भोंवतालच्या धातूच्या कवचामुळें सुरक्षित असते. वीज त्या कवचावरून जमिनींत उतरते. चारी बाजूंनीं उघडी असलेली झोपडी किंवा मोटारसायकल यांचा कांहीं उपयोग नाहीं. तारेचें कुंपण, पंपाची लोखंडी नळी, विजेचे खांब यांपासून दूर राहावें. जवळ कोणताच आसरा नसेल तर झाडांपासून दूर, सखल पण कोरड्या जागीं, दोन्ही पाय जुळवून उकिडवें बसावें. जमिनीवर आडवें होऊं नये.

आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून तीस मिनिटें होईपर्यंत पाण्याकडे परत जाऊं नये. पाऊस उघडला, मासा वर आला, जाळें वाहून जाईल, अशीं शंभर कारणें मन सांगत असतें. मागें रेंगाळणाऱ्या ढगाचा लोळ नेमका अशाच वेळीं पडतो.

वीज लागलेल्यास मदत

वीज लागलेल्या माणसास शिवूं नये, त्याच्या अंगांत वीज असते, हा समज साफ खोटा आहे. वीज क्षणांत निघून जाते. त्यास हात लावण्यांत कांहींही धोका नाहीं. त्याचें हृदय व श्वास थांबलेला असूं शकतो, आणि तो वेळीं चालू केला तर मेलेला वाटणारा मनुष्य उठून बसूं शकतो. म्हणून एकाच वेळीं अनेकांस वीज लागली असेल, तर जो कण्हत आहे त्यास क्षणभर ठेवून, जो निपचीत पडला आहे त्याच्याकडे आधीं धांवावें.

त्यास कठीण जमिनीवर उताणें निजवून छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळहात एकावर एक ठेवावे, आणि मिनिटास शंभर ते एकशेंवीस या वेगानें, सुमारें पांच सेंटिमीटर छाती दबेल इतक्या जोरानें दाबावें. दर तीस दाबांनंतर नाक धरून तोंडानें दोन वेळां श्वास द्यावा. पाण्यांतून काढलेल्यास श्वास देण्याचें महत्त्व अधिक आहे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत हें काम थांबवूं नये; दमल्यास दुसऱ्यानें हातीं घ्यावें. कांहीं ठिकाणीं वीज लागलेल्यास शेणांत पुरून ठेवतात. त्यांत जीव वांचविण्याची मोलाची मिनिटें जातात, याखेरीज दुसरें कांहीं होत नाहीं.

पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूतही आपल्याकडे खोल रुजलेली आहे. जन्मतांना मनुष्य कसा बाहेर आला, याच्याशीं विजेस कर्तव्य नाहीं. या समजुतीनें पायाळू मनुष्य उगाच भितो, हें एकवेळ चालेल. पण जो पायाळू नाहीं तो निर्धास्त होतो, हें मोठें अनिष्ट आहे. वीज एकाच ठिकाणीं दोनदां पडत नाहीं, हें म्हणणेंही तितकेंच खोटें. उंच जागेवर ती कितीही वेळां पडते.

होडीच्या मालकाचें कर्तव्य

शेवटीं, आमच्या वाचकांपैकीं जे होडीचे मालक आहेत त्यांस दोन शब्द सांगणें आम्ही आपलें काम समजतों. होडी वाट्यानें घेणारा मनुष्य बहुधा गरीब असतो. जाळें टाकून परत आलों तर मालक काय म्हणेल, वाटा चुकला तर घरीं काय नेऊं, या विचारानें तो ढग दिसत असतांही पाण्यावर राहतो. त्याला परत फिरण्याची मोकळीक मालकानें आपल्या तोंडानें दिली पाहिजे. ‘आभाळ भरलें तर जाळें सोडून ये, त्याचा भुर्दंड तुझ्या वाट्यांतून धरणार नाहीं’, असें एकदां हंगामाच्या आरंभीं, चार माणसांसमक्ष सांगितलें, तर तेवढ्यानें जितकी सुरक्षितता येईल तितकी कोणत्याही यंत्रानें येणार नाहीं. हेंच बोलणें घरच्या मुलांशींही व्हावें. बापाच्या रागाच्या भयानें जाळें न सोडणारीं मुलें थोडीं नसतात.

गांवाच्या बाजूनेंही कांहीं करण्यासारखें आहे. ज्या उतारावरून होड्या सुटतात तेथें सहकारी सोसायटीनें किंवा ग्रामपंचायतीनें एक फळा लावावा; सकाळचा हवामानाचा इशारा व पाण्यावर गेलेल्या होड्यांची संख्या त्यावर लिहावी. आभाळ फिरलें कीं लांबून दिसेल असें तांबडें निशाण उभारून होड्यांस परत बोलवावें, आणि संध्याकाळीं आलेल्या होड्या मोजून घ्याव्या. याला फळा, खडू आणि कापडाचा एक तुकडा यांपलीकडे खर्च नाहीं. जबाबदारी मात्र कोणाच्या तरी नांवें नेमून दिलेली असली पाहिजे. सर्वांचें काम म्हणून ठेवलें तर तें कोणीच करीत नाहीं.

बैल गेल्यावर झोपा करण्याची आपली जुनी खोड प्रसिद्धच आहे. बैल गेला तर दुसरा विकत आणतां येतो; येथें जाणारा जीव माणसाचा आहे. मृग नक्षत्र निघण्यापूर्वीं हा फळा प्रत्येक उतारावर लागावा, आणि जाकिटें होड्यांत चढावीं, एवढीच आमची विनंति आहे.